नदीपलीकडची पॉलिसी

नोव्हेंबरात आरोग्यविम्याची नोंदणी उघडली की माझ्या आतेभावाचा फोन ठरलेला. त्याचं अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किराणा दुकान, म्हणजे पॉलिसीचा हप्ता स्वतःच्याच खिशातून. "ताई, डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हानिया. तिथून गाडी आणता येते, मग पॉलिसी का नाही?" मी विमा कंपनीत राज्यांच्या मंजुरीचे कागद करते, त्यामुळे हे कायदे जणू मीच केलेत, असा त्याचा सूर.

घोळ जुना आहे. १८६९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विमा हा आंतरराज्य व्यापार नाही, असं ठरवलं. १९४४ मध्ये त्याच कोर्टाने मत फिरवलं. लगेच १९४५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून नियंत्रण राज्यांच्या हाती ठेवलं. आपल्याकडे भारतात आयआरडीएआय या विमा नियामकाची नोंदणी मिळाली की कंपनी कोल्हापुरापासून कोहिमापर्यंत विकते. इथे राज्य बदललं की परवाना वेगळा, मंजुरी वेगळी; म्हणून शेजारच्या राज्याची पॉलिसी घेता येत नाही.

मग बंदी उठवली की झालं? जॉर्जियाने २०११ साली उठवून पाहिली. इतर राज्यांत मंजूर झालेल्या पॉलिसी आमच्याकडे विका म्हणाले. एकही कंपनी फिरकली नाही! आमच्या धंद्यातल्या कुणाला याचं नवल वाटणार नाही. पॉलिसी हा नुसता कागद. खरा माल नेटवर्क, म्हणजे कंपनीने दर ठरवून घेतलेली डॉक्टर-हॉस्पिटलं. अटलांटातल्या हॉस्पिटलांशी दर ठरवल्याशिवाय तिथे विकायचं काय? आणि ज्या कंपनीकडे गिऱ्हाईकच नाही, तिला हॉस्पिटल सवलत कशाला देईल? आतेभावाचा गुडघा दुखला तर तो दाखवणार एडिसनलाच, बिल येणार न्यू जर्सीच्या दराने, आणि हप्ता ठरतो तो त्या बिलावरून.

मला खरी धास्ती आहे ती नियम ढिले होण्याची. क्रेडिट कार्डाचं काय झालं? सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या निकालाने बँकांना आपल्या मूळ राज्याचा व्याजदर देशभर लावता आला. साउथ डकोटाने व्याजाची मर्यादाच काढली, आणि सिटीबँकेने कार्डांचा कारभार तिकडे हलवला. विम्यातही सगळे सर्वांत ढिल्या राज्याकडेच धावतील. न्यू जर्सीत आजारी माणसाला वैयक्तिक पॉलिसी नाकारायची नाही, हा नियम १९९३ पासून आहे, ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याच्या कितीतरी आधीपासून. तो असा सहज सोडून द्यायचा?

यंदा त्याला म्हटलं, पेनसिल्व्हानिया राहू दे, गेट कव्हर्ड एनजे या न्यू जर्सीच्या सरकारी विमा-बाजाराच्या साइटवर राज्याची सबसिडी बसते का ते आधी बघू, उत्पन्नाचे कागद पाठव. अजून पाठवलेले नाहीत.