जुन्या ट्रॅव्हलरच्या सरकत्या खिडक्या, जाळ्या आणि गगनबावड्याचा पाऊस

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, करून वापरताय आणि पावसात गादीची कड ओली होतेय, तर आधी काचेच्या खालचं चॅनल, म्हणजे काच सरकते ती खाच, बघा. आमच्या गाडीत फेल्ट, म्हणजे चॅनलमधली मऊ लोकरी पट्टी, कुजलेली, चॅनलमध्ये माती बसलेली आणि पाणी बाहेर जायची भोकं आधीच्या कुणीतरी सिलिकॉन फासून बंदच करून टाकलेली, त्यामुळं साठलेलं पाणी सरळ आतल्या प्लायवर उतरायचं. सरकत्या खिडकीत थोडं पाणी येणारच, दोन काचा एकमेकींवरून सरकतात म्हणजे मधे फट असणारच, त्या पाण्याला बाहेर जायला वाट पाहिजे, सगळं काम ह्या एका गोष्टीभोवती फिरतं.

काम शिवाजी उद्यमनगरात केलं. तिथं चॅनल, रबर, वेल्डिंग, पेंट सगळं चालत जाण्याच्या अंतरावर मिळतं, हे कोल्हापूरचं मोठं सुख आहे. मिस्त्रींनी पहिल्यांदाच बजावलं, "पावणं, माप पक्कं करा मग काच टाका, टफन झाल्यावर तिला कोण हात लावत नाही." खरंच आहे, टफन्ड म्हणजे तापवून मजबूत केलेली काच नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, लॅचचं भोकसुद्धा आधीच सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक खिडकीचा पुठ्ठ्याचा वेगळा साचा काढा, जुन्या बॉडीत डावी उजवी सारखी नसते. काचेवर आयएस 2553 चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या, आणि काळी फिल्म लावायचा विचार असेल तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आत यायला पाहिजे असा नियम आहे. आम्ही आहे त्याच होलमध्ये नवीन खिडक्या बसवल्या. पत्रा नव्यानं कापायचा असेल तर आधी आरटीओत विचारा.

जुनी खिडकी काढली की गंज दिसणार, तिथं घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायला पाहिजे. वायर ब्रशनं पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं, प्राइमर, मग पेंट, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच फ्रेम. फटी बुजवायला सीलंट पीयू (पॉलियुरेथेन) वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंजवतं आणि त्यावर पुन्हा पेंटही धरत नाही. सीलंट वरून आणि दोन्ही बाजूंनी भरपूर, पण खालची भोकं मोकळी! भोकं चॅनलच्या दोन्ही टोकांना पाडून घ्या, गाडी कुठल्याही उतारावर उभी केली तरी पाणी निघून जातं. आणि पुढची काच बाहेरच्या बाजूला ठेवा, कौलं एकावर एक चढवतात तशी, म्हणजे गाडी पळताना पावसाचा मारा फटीत घुसत नाही. आतलं पॅनल लावायच्या आधी पाइपनं वरून पाणी मारून बघायचं, हे टाळू नका.

जाळी आतून लावली, कारण बाहेरून काच सरकायला अडते. खिडकी अर्धीच उघडते म्हणून जाळीही अर्ध्या भागाला पुरते, पण दोन काचांच्या मधल्या उभ्या फटीत ब्रश पट्टी लावल्याशिवाय डास थांबत नाहीत, बरेच जण इथंच चुकतात. साधी फायबरची 18 बाय 16 जाळी डासाला पुरते, चिलटांना पुरत नाही, त्यांच्यासाठी बारीक जाळी घ्यावी लागते आणि मग वारा कमी येतो. आम्ही डोक्याकडच्या खिडकीला बारीक आणि समोरच्या बाजूला साधी लावली, वारा आरपार राहिला. चुंबकाची पट्टी घ्यायची असेल तर लक्षात ठेवा, ती पत्र्याला धरते, अॅल्युमिनियमला धरत नाही. वेल्क्रो उन्हात सुटतं. छोट्या फ्रेममध्ये रबर बीडिंगनं ताणून बसवलेली जाळी सगळ्यात टिकाऊ, शिवाय काढून धुता येते.

मग कळे मार्गे गगनबावड्याला निघालो. पाऊस जोरात, समोरचं दिसत नव्हतं, तरी खिडकीखाली हात फिरवला तर कोरडं, आणि बाहेरच्या भोकांतून पाण्याची बारीक धार लागलेली. लई समाधान वाटलं. मुक्कामाला दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा, नाहीतर श्वासानंच काचा घामेजतात आणि तुम्हाला वाटतं खिडकी गळतेय. आत गॅस पेटवत असाल तर बोटभर नाही, चांगली उघडी पाहिजे.

पावसाळ्यात हा रस्ता धरायच्या आधी कोल्हापुरातल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. नद्या फुगल्या की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं, अशा वेळी गाडी पाण्यात घालू नका, माघारी फिरा. परत आल्यावर चॅनलमधली माती ब्रशनं काढा आणि फेल्टवर ग्रीस किंवा तेल नको, धूळ धरतं, सिलिकॉन स्प्रे मारा.