तीस सप्टेंबरचा पट आणि ऑक्टोबरची छाटणी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडची माणसं द्राक्षाच्या छाटणीला खाली उतरतात ती सप्टेंबर सरता सरता. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात टोळ्या ठरतात आणि बघता बघता दिंडोरी-निफाडच्या बागांच्या कडेच्या पत्र्याच्या खोल्या भरतात. नेमका याच सुमाराला शाळांचा पट मोजला जातो. यू-डायस, म्हणजे देशभरच्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद, तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर. कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर, ही संचमान्यतासुद्धा त्याच तारखेच्या पटावर. म्हणजे पोरगं मोजलं जातं डोंगरातल्या शाळेत आणि पंधरा दिवसांनी असतं बागेत, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. पद वर राहिलं, मूल खाली आलं.

आता बागेजवळ कुणी या मुलांचा वर्ग चालवत असेल, जिल्हा परिषदेच्या शाळेतला विशेष प्रशिक्षण वर्ग असो की एखाद्या संस्थेची पर्यायी शाळा, तर त्यांच्या कामाचा हिशोब कुठल्या मापानं घ्यायचा? हा प्रश्न आपल्याकडे नीट विचारलाच जात नाही. एक तर नेहमीच्या शाळेचं माप लावतात, नाही तर ‘बिचारे करतायत ना काहीतरी’ म्हणून मापच लावत नाहीत. दुसरं जास्त घातक, असं माझं मत.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसेल किंवा मध्येच गळालं असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात दाखल करायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. नियमांनुसार हे प्रशिक्षण कमीत कमी तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. अशा मुलाला चौदा पूर्ण झाल्यावरही आठवी होईपर्यंत शिक्षण मोफत. इथपर्यंत बहुतेकांना पाठ असतं. नियमांतलं पुढचं वाक्य मात्र कुणी वाचत नाही: मूल वर्गात बसल्यावरही शिक्षकानं त्याच्याकडे विशेष लक्ष देत राहायचं, अभ्यासात आणि मनानंही ते रुळेपर्यंत. सगळी जबाबदारी खरं तर या वाक्यात आहे. आपले अहवाल त्याच्या आधीच संपतात, ‘प्रवेश दिला’ या शब्दांवर.

अमेरिकेत हा गुंता वीसेक वर्षं चालू आहे, आणि तिथल्या चुका आपल्याला फुकटात शिकता येतात. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार ज्या हायस्कूलमधून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण ६७ टक्क्यांच्या खाली, ते सुधारणेच्या यादीत. आता जी शाळा फक्त इतर शाळांतून गळालेली, काढून टाकलेली, कोर्टाच्या देखरेखीखालची मुलं घेते, ती त्या यादीत येणारच. तिच्याकडे मूल येतं तेच दोन वर्षं मागे पडून. म्हणून राज्यांनी वेगळे नियम केले. कॅलिफोर्नियात किमान ७० टक्के मुलं जोखमीच्या गटातली असतील तर शाळेला पर्यायी दर्जा मिळतो. टेक्सासात ही अट ७५ टक्क्यांची, आणि एखाद्या वर्षी आकडा थोडा घसरला तर मागच्या वर्षीचा धरतात. तिथे फक्त चार वर्षांत पास झालेली मुलं मोजत नाहीत. समकक्ष परीक्षा पास झालेली आणि अजून शिकत असलेली मुलंही हिशोबात धरतात.

माप मवाळ केलं की लगेच दुसरी बाजू उघडते. साध्या शाळेला आपला निकाल चांगला दाखवायचा असेल, तर अडचणीची पोरं पर्यायी शाळेकडे ढकलणं सोपं. तिकडे निकालाला कुणी विचारणार नाही, इकडे निकाल उजळेल. म्हणून टक्केवारीची अट ही निम्मी गोष्ट. मूल कुठून आलं आणि त्या शाळेनं त्याला का जाऊ दिलं, हे विचारणं ही उरलेली निम्मी.

नाशिकला हे कसं लावायचं? सुरुवात नोंदवहीपासून. विशेष वर्गाच्या वहीत नाव, वय, पालकाचं काम एवढंच असतं. त्यात आणखी चार रकाने हवेत. मूळ शाळेचं नाव आणि सरल या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीतला तिथला क्रमांक. मूळ शाळेत शेवटचं बसल्याची तारीख. इथे आल्याची तारीख. आणि पालकाचा अंदाज, ‘परत कधी जाणार’. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. ‘काढणीपर्यंत’ म्हणाला तर मूल फेब्रुवारी-मार्चपर्यंत हाताशी आहे. ‘फक्त छाटणी’ म्हणाला तर तीन-चार आठवडे. त्या मुलाला पाढ्यांत गुंतवू नका. वाचन धरा आणि परतीचा कागद आधी तयार करा.

आल्यावेळची चाचणी पहिल्या दिवशी घेऊ नये. घाबरलेलं मूल येत असलेलंही सांगत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी घ्यावी आणि आधी तोंडी, त्याच्या बोलीत. सुरगाण्याचं मूल घरी कोकणा बोलतं. पुस्तकातली मराठी त्याला वाचता आली नाही म्हणजे त्याला काहीच येत नाही, असा शेरा मारणारे शिक्षक भेटतात. वाचनाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे पुरेत. गणिताला एकअंकी-दोनअंकी संख्या ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. पाच-सात मिनिटांत एक मूल होतं. तीच चाचणी दर सहा आठवड्यांनी.

गडबड इथेच होते. शिकवणाराच परीक्षक असेल तर पहिली चाचणी हमखास खाली उतरते आणि शेवटची वर चढते. मुद्दाम खोटं करतात असं नाही. पहिल्यांदा मुलाला फार मदत केली जात नाही, शेवटी हळूच ओठ हलतात. यावर उपाय स्वस्त आहे. दोन शेजारच्या केंद्रांनी शिक्षकांची अदलाबदल करायची, दर दहा मुलांमागे दोन मुलं पुन्हा तपासायची. त्या दोन मुलांपैकी एकाचा जरी टप्पा जुळला नाही, तर सगळा वर्ग पुन्हा.

हजेरीचा खोटेपणा पकडायला तांदूळ मदत करतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. हजेरीवर पहिली-पाचवीची ३० मुलं दाखवली असतील तर दिवसाला तीन किलो शिजायला हवा. महिन्याला २४ दिवस धरले तर ७२ किलो. साठ्याच्या वहीत ७२ गेले आणि पातेलं पाहिलं तर दीड किलोचं, असं असेल तर पुढचं बोलायला नको. उलटही घडतं, आणि ते लक्षात ठेवायला हवं: भावंडं बरोबर येतात, जेवतात, पटावर नसतात. तांदूळ जास्त संपला म्हणून लगेच चोरीचा आळ घेऊ नका. आधी दारात उभं राहून डोकी मोजा. आणि लहानग्याला बाहेर काढू नका, त्याच्यामागोमाग त्याची ताई जाते.

आता मुख्य हिशोब. समजा, एका वर्गात वर्षभरात ४० मुलं आली. मार्चअखेर वर्गात आहेत ६, वर्षभर बागेवरच राहणाऱ्या सालदारांची. वरवर पाहणारा म्हणेल, चाळीसातली सहा उरली, वर्ग बंद करा. संस्थेचा अहवाल म्हणेल, ३४ मुलं मुख्य प्रवाहात गेली, ८५ टक्के यश. दोन्ही आकडे वजाबाकीला बरोबर, दोन्ही निरुपयोगी. खोदून पाहिलं तर ३४ पैकी १२ बागेजवळच्या जिल्हा परिषद शाळेत, १६ मूळ गावी परतली, ६ जणांचा ठावठिकाणा नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडल्या. जुलैअखेर कुणीतरी जाऊन पाहिलं, तर १२ पैकी ९ जण बाकावर आहेत. गावाकडच्या १६ पैकी १० बसतायत, ६ जणांचं नुसतं नाव पटावर. म्हणजे बाहेर पडलेल्या ३४ पैकी खरोखर रुजली १९, छपन्न टक्के. कामाचा आकडा हाच. यातली १५ गळाली कुठे, हे त्यात स्पष्ट दिसतं: तीन शेजारच्या शाळेत, सहा मूळ शाळेत, सहा रस्त्यात. या तिन्ही ठिकाणांसाठी वेगवेगळ्या माणसाला जाब विचारायचा आहे.

टक्केवारीबद्दल एक इशारा. वर्गात वीसपेक्षा कमी मुलं असतील तर टक्के काढू नका. दोन कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला गेली की निकाल वीस टक्क्यांनी पडतो आणि शिक्षकाचा त्यात काही दोष नसतो. तीन वर्षांची मुलं एकत्र धरा किंवा सरळ नावानं यादी वाचा. शिकण्यातली प्रगती मोजताना ४५ दिवसांपेक्षा कमी बसलेली मुलं वेगळी ठेवा. पण शोध घेण्याच्या हिशोबातून त्यांना वगळू नका. ही पळवाट फार वापरली जाते: ‘ते मूल थोडेच दिवस होतं’ म्हणून नावच खोडलं जातं. थोडे दिवस आलेलं मूलच सगळ्यात आधी हरवतं.

मूळ शाळेकडे वळू. मूल स्थलांतराला निघालं की शिक्षण हमी कार्ड द्यायचं, त्यावर मुलाची पातळी लिहायची, जिथे मूल जातं तिथल्या शिक्षकानं हजेरी भरायची, परत आल्यावर मूळ शाळेनं काही न विचारता बसवून घ्यायचं. कागदावर पद्धत छान आहे. चालत का नाही? कारण नाव मूळ पटावर राहणं शाळेच्या फायद्याचं आहे. पट घसरला की पद जाईल, ही भीती खरी आहे, आणि दोनशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाला त्यासाठी खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. मग मूल नसतानाही हजेरीवर पी, म्हणजे ‘हजर’, भरला जातो. मूल सलग महिनाभर आलं नाही की ते शाळाबाह्य धरायचं, बालरक्षकानं, म्हणजे हे काम अंगावर घेतलेल्या शिक्षकानं, शोध घ्यायचा. पण पी असेल तर ते शाळाबाह्य होतच नाही. खालच्या शाळेनं दाखल करायला घेतलं की सरलवर नाव आधीच दुसरीकडे दिसतं. मग ‘आधी दाखला आणा’. हे म्हणणं कायद्याला धरून नाही. कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. मूल बसवा, सरलवरून मागणी पाठवा, आणि मूळ शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. फोनचा दिवस आणि वेळ वहीत लिहा. नंतर तेवढंच कामाला येतं.

मूळ शाळेची भीती घालवायची असेल तर तिला दोन महिन्यांचा पट द्या, सप्टेंबरचा आणि जानेवारीचा. जानेवारीत जे मूल कार्ड घेऊन दुसरीकडे बसलंय ते दोन्ही शाळांच्या खात्यात अर्धं-अर्धं धरा. जे कार्डाशिवाय गायब आहे ते कुणाच्याच खात्यात नको. असा नियम आज नाही; व्हायला हवा. टेक्सासातही ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी मुलं मोजतात, पण त्या तारखेनंतर दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मुलाचा निकाल नव्या शाळेच्या माथी मारत नाहीत. एवढं तरी आपण करू शकतो.

आणखी एक गाठ आश्रमशाळांची. त्या आदिवासी विकास विभागाच्या. जिल्ह्यात नाशिक आणि कळवण ही दोन प्रकल्प कार्यालयं. बाकी सरकारी शाळा बहुतेक जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेतून आश्रमशाळेत गेलं, दिवाळीला घरी आलं आणि परतलंच नाही, तर प्रत्येक विभाग समजतो ते दुसऱ्याकडे आहे. गटशिक्षणाधिकारी आणि प्रकल्प कार्यालय यांनी दिवाळीनंतर पंधरा दिवसांत दोन याद्या समोरासमोर ठेवल्या तर अशी नावं एका दुपारी सापडतात.

निरीक्षणगृहातल्या मुलांचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो. तिथे मूल किती दिवस असेल ते बाल न्याय मंडळ ठरवतं, शिक्षक नाही. म्हणून तिथे ४५ दिवसांसारखी मुक्कामाची अट नको. रोज किती तास खरंच शिकवलं आणि बाहेर पडताना मुलाच्या हातात पुढच्या शाळेचा कागद होता का, एवढंच विचारा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही. त्यामुळे दाखल्यावर, नोंदवहीच्या शेरा रकान्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यादीत कुठेही ते कुठून आलं हे येता कामा नये. ‘शेरा’ या रकान्याचा मोह फार वाईट. तो छापूच नये.

चौदा-पंधराच्या मुलींबद्दल एकच सांगतो. सातवीत गळालेली मुलगी परत सातवीत बसत नाही, लहान पोरांत तिला लाज वाटते. तिला सतरा नंबरच्या फॉर्मची, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायची, वाट आधी दाखवा, मग अभ्यास. फॉर्म भरायची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, आणि ती बहुतेकदा मुलगी छाटणीला असताना संपते. आधार, बँक पासबुक, जुना दाखला, फोटो, एवढं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गणपतीच्या आधी तिच्या आईकडे द्यायचं आणि एक झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची.