सरांचा पंचा आणि झुर्बारानचं कोकरू

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. स्नेहसंमेलनावर आणि सहलींवर बाकीचे लिहितीलच. मी चित्रकलेच्या तासावर लिहितो, आणि त्यातही झुर्बारान नावाच्या एका स्पॅनिश चित्रकारावर.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीसाठी सर शनिवारी थांबवून घ्यायचे. स्मरणचित्रात माझी दाणादाण. आठवडी बाजार काढला की माणसं लगोरीसारखी रचलेली. स्थिरचित्रात मात्र हात चालायचा. सर स्टुलावर खळ केलेला पांढरा पंचा टाकत, डावीकडची एकच खिडकी उघडी ठेवत, आणि ट्यूबमधल्या पांढऱ्या रंगाला सक्त बंदी. एकदा त्यांनी मासिकातून कापलेलं चित्र फळ्याला टाचलं. दोरीनं मनगटं बांधलेला, मान टाकलेला साधू, अंगावर पायघोळ पांढरा झगा. "रक्त कुठाय दाखवा," म्हणाले. कुठंच नव्हतं. छळ होऊन मेलेला संत सेरापियन तो, फ्रान्सिस्को दे झुर्बाराननं 1628 मध्ये रंगवलेला. सगळा मार त्या झग्याच्या जड, ओघळलेल्या चुण्यांत.

झुर्बारान 1598 सालचा, स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या फुएन्ते दे कान्तोस गावचा, दुकानदाराचा मुलगा. सेव्हिल शहरात शिकला आणि तिथल्या मठांनी त्याला भरभरून काम दिलं. मर्सिडेरियन, कार्थुसियन हे ख्रिस्ती संन्याशांचे पंथ, सगळे पांढऱ्या वस्त्रातले. पांढऱ्यावर हात बसलेल्या माणसाला आणखी काय हवं!

1634 मध्ये माद्रिदच्या राजवाड्यातल्या एका दालनासाठी बोलावणं आलं. 1625 साली इंग्रजांनी कादिझ या स्पॅनिश बंदरावर केलेला हल्ला कसा परतवला, ते रंगवायचं होतं. हे चित्र मी पुढे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात पाहिलं. मागे गलबतं लढतायत, पुढे संधिवातानं बेजार झालेला सेनापती खुर्चीत बसून हुकूम देतोय, पण भोवतालचे अधिकारी एकमेकांशी बोलतायत असं काही वाटत नाही. त्याच दालनासाठी व्हेलास्केझ या दरबारी चित्रकारानं ब्रेडा शहराची शरणागती रंगवली. तिच्यापुढे हे उघडच फिकं पडतं. झुर्बाराननं तिथंच काढलेल्या, ग्रीक वीर हर्क्युलिसच्या दहा चित्रांबद्दल न बोललेलं बरं. थोडक्यात, याचंही स्मरणचित्र कच्चं! मला बरं वाटलं.

आणि मग त्याच संग्रहालयातलं कोकरू. करड्या फळीवर चारी पाय बांधून ठेवलेलं, मागे मिट्ट काळोख. प्रभामंडळ नाही, अक्षर नाही. लोकरीचे पिळे मळकट, पोटाकडे ओलसर वाटणारे, नाकपुडी किंचित गुलाबी. देवाचं कोकरू म्हणजे ख्रिस्त, हे तिथल्या भाविकाला सांगावं लागत नसे. मी बराच वेळ त्या पायांची दोरीच पाहत होतो.

झुर्बारानच्या उतारवयात मुरिल्यो या दुसऱ्या चित्रकाराचा गोडवा लोकांना जास्त रुचू लागला. 1649 च्या प्लेगात मुलगा हुआन गेला. तोही स्थिरचित्रं करायचा. झुर्बारान माद्रिदला गेला आणि 1664 मध्ये तिथंच वारला.

नव्या इमारतीत चित्रकलेला स्वतंत्र खोली मिळाली, असं कळलं. तिथं लावायला कोकराची प्रिंट पाठवतो आहे, मूळ मापाची, साधारण 37 बाय 62 सेंटीमीटर. कृपा करून तिचा फ्लेक्स करू नये.