पिना मोज आधी

रविवार, रात्र

पुण्यातच, एका मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर आज जुन्या रेडिओंची अदलाबदल होती. जाताना पिशवीत मर्फीचे चार नॉब आणि एक सुटा ट्रान्सफॉर्मर. येताना दोन्ही हात अवघडतील एवढं धूड. दारातच प्रश्न आला, "अजून एक?" म्हटलं, तात्पुरता आहे.

घोळका याच सेटभोवती होता. लाकडी कॅबिनेट, पॉलिश उडालेलं, नावाची पट्टी कुणीतरी उपटून नेलेली, खिळ्यांची दोन भोकं तेवढी उरलेली. मॉडेल नंबर असतो तो मागचा पुठ्ठाही गायब. सेट फिलिप्सचा निघून नंबर मिळाला असता, तर वय काढायचं निम्मं काम झालं असतं. त्यांच्या बी५एक्स६३ए मधला ६ म्हणजे १९५६ आणि शेवटचा ए म्हणजे एसी विजेवर चालणारा. तिथे यू असेल तर एसी-डीसी दोन्ही.

मी रुमालाने स्टेशनांची नावं लिहिलेली काच पुसली. मुंबई, दिल्ली, नागपूर दिसलं. पुणे कुठेच नाही. मग काय, मी जाहीरच करून टाकलं: आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ चं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ चं, म्हणजे सेट मधल्या पाच वर्षांतला. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

रास्ता पेठेत पूर्वी दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक काका शेजारी उभे होते. त्यांनी मागून टॉर्च मारला आणि म्हणाले, "काच वाचतोस होय? पिना मोज आधी."

आउटपुटचा व्हॉल्व्ह, म्हणजे स्पीकरला आवाज पुरवणारी काचेची नळी, हलवत हलवत उपसला. नऊ पिना. काचेवरची अक्षरं पुसलेली. काकांनी त्यावर तोंडाची वाफ सोडली, चष्मा पुसताना सोडतात तशी, आणि क्षणभर अक्षरं उमटली: ईएल-८४. हा व्हॉल्व्ह आला १९५३ मध्ये. १९४८-४९ चा सेट असता तर आठ पिनांचे, काचेच्या कडेला बारीक टेंगूळ असलेले यूएल-४१ च्या घराण्यातले भेटले असते, नाहीतर त्याआधीचे जाड काळ्या बुडाचे.

(यूने सुरू होणारे व्हॉल्व्ह नव्हते तेच बरं. तसल्या सेटना ट्रान्सफॉर्मर नसतो, मेनची एक वायर थेट चॅसीला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला. लहानपणी आजोबांच्या रेडिओचा नॉब निखळला होता, मी नुसती दांडी धरून फिरवायला गेलो. हात खांद्यापर्यंत झिणझिणला होता.)

मग काकांनी स्टेशनचा नॉब फिरवायला लावला. काटा काचेच्या टोकाला पोचेचना, दोन बोटं आधीच अडला. चॅसीखालच्या फळीवर जुन्या स्क्रूंची चार भोकं, एकही जुळत नाही. म्हणजे कॅबिनेट आणि काच एकाची, आतडी दुसऱ्याची. "काचेचं वय बरोबर सांगितलंस हो," काका म्हणाले. चिडवत होते की सांत्वन करत होते, कळलं नाही.

असला जोडीव सेट कुणाला नकोच होता. माझा ट्रान्सफॉर्मर देऊन घेऊन आलो. वर्षानुवर्षं पडून असलेल्या सेटला एकदम करंट द्यायचा नाही, आतला करंट सपाट करणारे फिल्टरचे कंडेन्सर आधी बघायचे. पण नॉब मात्र जेवणानंतर तीनदा फिरवून पाहिला. काटा नागपूरपाशीच अडतो.