एका क्रेडिटनं हुकलेली डीन्स लिस्ट

अमेरिकेतलं माझं पहिलं सेमिस्टर संपलं तेव्हा जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, आला ३.६४. आमच्याकडे डीन्स लिस्टसाठी, म्हणजे सेमिस्टरच्या गुणवंतांच्या यादीसाठी, ३.५ लागतो. मी घरी फोन करून सांगूनही टाकलं, 'नाव येणार.' यादी लागली आणि त्यात माझं नाव नव्हतं.

दोन दिवस मी गणित पुन्हा पुन्हा मांडत बसलो: ग्रेडचे गुण गुणिले क्रेडिट, म्हणजे त्या कोर्सचं वजन. कॅल्क्युलस ४ क्रेडिट, ए मायनस (३.७): १४.८. केमिस्ट्री ४ क्रेडिट, बी प्लस (३.३): १३.२. लेखनाचा कोर्स ३ क्रेडिट, ए (४): १२. बेरीज ४०, भागिले ११. बरोबर ३.६४. चूक कुठेच नाही! शेवटी अ‍ॅडव्हायझरकडे गेलो. तिनं फक्त 'भागिले ११' वर बोट ठेवलं. संगीताचा ३ क्रेडिटचा कोर्स मी हौसेनं पास-फेलवर, म्हणजे ग्रेडशिवाय, घेतला होता. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून माझे १४ क्रेडिट धरले गेले, पण डीन्स लिस्टला ग्रेड मिळालेले किमान १२ लागतात. नियम हँडबुकात होता. मी जीपीएची ओळ वाचून पुढची सोडली होती.

जानेवारीत वेगळंच पत्र आलं: फाय एटा सिग्मा या ऑनर सोसायटीचं (गुणवंत विद्यार्थ्यांच्या संस्थेचं) निमंत्रण, सोबत एकदाच भरायचं सदस्यत्व शुल्क. पैसे मागतात म्हटल्यावर मला फसवणूकच वाटली. (गुणवंत म्हणवून घ्यायला पैसे कशाला, हा प्रश्न मला अजूनही पडतो.) पत्र डिलीट करण्याआधी चौकशी केली. संस्था १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात खास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेली. पुढच्याच वर्षी तिथेच मुलींसाठी अल्फा लॅम्डा डेल्टा निघाली. आता दोन्ही मुलगे-मुली दोघांनाही खुल्या आहेत. आमच्या कॅम्पसवर शाखा आहे का, तिचा सल्लागार प्राध्यापक कोण, हे विद्यार्थी कार्यालयात विचारलं आणि मगच पैसे भरले. अशा नावांच्या सगळ्याच संस्था खऱ्या नसतात, त्यामुळे ही फेरी वाया गेली असं मला वाटत नाही.

आमच्याकडे विभागांच्या पारितोषिकांना तर अर्जच नसतो, हे मला मे महिन्यात कळलं. केमिस्ट्रीतलं पहिल्या वर्षाचं बक्षीस माझ्या रूममेटला मिळालं. तो दर आठवड्याला प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, जायचा. मी त्या वेळी झोपलेला असायचो. बी प्लसवर मला ते मिळालंच नसतं, ते सोडा. पण प्राध्यापक नाव सुचवतात ते ओळखीच्या चेहऱ्याचं, एवढं त्या दिवशी दिसलं.

दुसऱ्या सेमिस्टरला पंधराच्या पंधरा क्रेडिट ग्रेडवर घेतले. डीन्स लिस्टची ओळ काहीही न करता ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) उमटली. वरच्या सेमिस्टरखाली मात्र कोरी जागा आहे. आई ती बघून विचारते, "तेव्हा काय झालं होतं रे?"

मी सांगतो, संगीतात पास झालो होतो.