किती टक्क्यावर पोचलास? कोल्हापुरात इलेक्ट्रिक गाडीवाल्यांबरोबर एक रविवार

रंकाळ्याच्या काठाला गाडी लावून उतरलो, तोच शेजारच्या गाडीतून आवाज आला, "पुण्याची पाटी? भावा, काल किती टक्क्यावर पोचलास?" नाव-गाव, चहा-पाणी सगळं नंतर. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी सात वाजता तिथं मेळाव्यासाठी सतरा इलेक्ट्रिक गाड्या जमल्या होत्या आणि प्रत्येक नव्या गाडीला पहिला प्रश्न हाच होता. मला तो फार आवडला, कारण आदल्या दिवसभर मीही तोच आकडा, म्हणजे बॅटरीत किती टक्के चार्ज उरलाय ते, बघत आलो होतो.

माझी गाडी पहिल्या पिढीची नेक्सॉन ईव्ही, ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी. कागदावर रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जायचं अंतर, ३१२ किलोमीटर, पण हायवेवर ८०-८५च्या वेगाने मला २०० ते २१० मिळतात. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर, म्हणजे एक थांबा लागणारच. मी साताऱ्याला थांबायचं ठरवलं. कात्रज आणि खंबाटकी चढून तिथं पोचलो तेव्हा ४५ टक्के होते आणि चार्जर बंद होता. ॲपवर मात्र तो चालू दिसत होता.

म्हणूनच सांगतो, चार्ज अर्ध्यावर असतानाच थांबायचं. १५ टक्क्यांवर तिथं पोचलो असतो तर शनिवार साताऱ्यातच गेला असता. ४५ टक्के हातात होते म्हणून ५० किलोमीटर पुढं कराडपर्यंत शांतपणे जाता आलं. वेग ७५वर आणला, २३ टक्क्यांवर पोचलो. निघण्याआधी फक्त ॲपवर भरवसा ठेवू नका. चार्जर ज्या हॉटेलच्या किंवा पंपाच्या आवारात आहे तिथं फोन करून विचारा. आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग पडतो, तेव्हा तिथून उठा. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी मागच्या माणसाला ताटकळत ठेवू नये. कराडहून कोल्हापूर सत्तरेक किलोमीटर. सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता होता, तरी ४४ टक्के ठेवून तावडे हॉटेलच्या चौकात आलो.

खरी परीक्षा मुक्कामाच्या लॉजवर झाली. फोनवर "पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे" असं सांगितलं होतं आणि तो होताही. पण केबल लावली की तिच्या डब्यावर लाल दिवा. पॉइंट बदलला, तरी लाल. सोबत आलेल्या बायकोने धीर धरला, माझा सुटत चालला होता. शेवटी मेळाव्याच्या गटातल्या एका काकांना फोन केला. उद्यमनगरात त्यांची फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. रात्री नऊ वाजता ते टेस्टर घेऊन आले, पॉइंट तपासला आणि म्हणाले, "अर्थिंग मेलंय. खड्डा कुठं हाय?" लॉजच्या मागं कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा होता, माती पार कोरडी ठणठणीत. दोन बादल्या पाणी ओतलं, गंजलेला नट घासून आवळला, आणि पाऊण तासाने हिरवा दिवा लागला. काकांनी तांबडा-पांढरा रस्सा आमच्याबरोबर ओरपला, पण पैसे काही देऊ दिले नाहीत.

नुसतं "पॉइंट आहे का" विचारून भागत नाही, अर्थिंग आहे का तेही विचारा. लॉजवाल्याला माहीत नसेल तर पोचल्यावर दिवस असतानाच केबल लावून बघा. लाल दिवा आला म्हणून अर्थिंग चुकवणारी जुगाडू पिन लावू नका; तो दिवा तुमच्या जिवासाठी आहे. एक्स्टेंशन लागलंच तर जाड तारेचं घ्या आणि पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर रात्रभरात तापते. सकाळी २० युनिट जळाली होती, त्याचे पैसे मी मालकांना न मागता दिले. असं केलं की पुढच्या गाडीवाल्याला नकार येत नाही.

रविवारी मिसळ खाऊन सगळे पन्हाळ्याला निघालो. अंतर वीसेक किलोमीटरच, पण गड शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच. चार माणसं बसलेल्या माझ्या गाडीला वर जायला १६ टक्के लागले आणि उतरताना फक्त ५. उतारावर मोटरच जनित्र होऊन बॅटरीत वीज परत भरते, हे माहीत होतं, पण खाली आल्यावर सतरा जणांनी आपापले आकडे मांडले तेव्हा ते मनात बसलं. जड गाडीला चढायला जास्त लागले, तसे उतरताना परतही जास्त मिळाले. वर मुक्काम करणार असाल तर मात्र १०० टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत ती वीज घ्यायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गडावर रविवारी गर्दी असते, नऊच्या आत पोचलात तर जागा मिळेल.

आकडे मांडताना सगळ्यात जास्त प्रश्न गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेला विचारले गेले. "एकटी आलो, वाटेत कुठं थांबलो नाही, एसी पण बंद केलो नाही," त्या म्हणाल्या. वर्षभराचा हिशेब वहीत होता: तारीख, किलोमीटर, टक्के, पाऊस होता की ऊन. ताशी १०० आणि ८० यातला फरक त्यांनी वहीतून दाखवला. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १००ला तो ८०च्या दीडपटीहून जास्त. कंपनीच्या जाहिरातीपेक्षा मला त्या वहीचा आधार मोठा वाटला. माझीही वही आता सुरू झाली आहे.

फाउंड्रीवाल्या काकांना मी विचारलं, आयुष्यभर इंजिनाचे ब्लॉक ओतलेत, मग ही गाडी का? ते जरा थांबले. "ब्लॉकची ऑर्डर कमी होणार, ते दिसतंय. पण ब्रेकची डिस्क बिडाचीच असतीय न्हवं? पोरगा आता ॲल्युमिनियम शिकतोय, मोटरच्या बॉडीसाठी. मी गाडी घेतली, कारण काय येतंय ते उघडून बघायचं होतं." त्यांनी बॉनेट उघडलं आणि बाकीचे सोळा जण भोवती गोळा झाले.

सोमवारी ९६ टक्क्यांवर निघालो. कराडला पुन्हा अर्धा तास थांबलो आणि परतीला खंबाटकीचा बोगदा असल्याने घाटाची चढण वाचली. घरी पोचलो तेव्हा थोडेच टक्के उरले होते. काकांचा मेसेज आधीच येऊन पडला होता: "किती?"