आंबोलीचा धबधबा आम्ही पाहिलाच नाही

ऑगस्टमधल्या रविवारी आंबोलीला जाऊ नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही गेलो. पुण्याहून सावंतवाडीला आत्याकडे दोन वर्षांनी आलो होतो, त्यामुळे दारातच "ये रे, उंबराचं फूल!" असं स्वागत झालं. आत्या निवृत्त विज्ञानशिक्षिका. तिच्या टोमण्यालाही पुरवणी जोडलेली असते. उंबराला फुलं शेकड्यांनी येतात, फक्त आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत दडलेली असतात. एक चिमुकली गांधीलमाशी भोकातून आत शिरते आणि परागीभवन उरकते. "तू मात्र खराच दिसत नाहीस," हे वर.

सकाळी आठला निघालो. तीस किलोमीटरचा तर रस्ता. दाणोली मागे पडली, घाट लागला, आणि धबधब्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर गाडी थांबली ती थांबलीच. दोन्ही बाजूंना गाड्या लावून लोक भिजायला गेलेले. पुढच्या जीपच्या टपावर स्पीकर, मागे बसचा भोंगा, काचेवर माकड. अर्ध्या तासाने मी स्टिअरिंगवर डोकं टेकून पावसाला शिव्या घालत होतो. बायको म्हणाली, तुलाच यायचं होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. आत्या छत्री घेऊन खाली उतरली होती. वय बहात्तर, गुडघे गेलेले, आणि ही बाई घाटात कातळाच्या भिंतीला नाक लावून उभी! मी धावलो. "आत्या, घसरशील!" ती वळलीसुद्धा नाही. "एकतीस वर्षं," ती म्हणाली, "एकतीस वर्षं फळ्यावर याची आकृती काढली मी. नावं द्या, चार गुण. आणि हे इथे, घरापासून तासाभरावर."

भिंतीवर हिरवी मखमल होती. त्यातून केसासारखे तांबूस देठ वर आलेले, प्रत्येकाच्या टोकाला एक इवलीशी बोंडी, काहींच्या डोक्यावर टोपीही. फ्यूनारिया, म्हणजे पाठ्यपुस्तकातला मॉस. "अगदी तीच जात असेल असं नाही," तिने लगेच सावरलं, "पण भाऊबंद नक्की."

मला आठवत होतं ते एवढंच की ब्रायोफायटांना, म्हणजे या मॉसच्या गटाला, वनस्पतिसृष्टीचे उभयचर म्हणतात. हे वाक्य मी नववीत पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरलो. आत्याने मला छत्री धरायला लावली आणि भिंतीवरून बोट फिरवत सगळं पुन्हा शिकवलं. खाली जिथे पाणी झिरपत होतं तिथला बुळबुळीत थर म्हणजे शैवाल. ना मूळ, ना खोड, ना पान. वरची मखमल वेगळी, पण मराठीत आपण दोघांनाही सरसकट शेवाळ म्हणतो आणि पाय घसरला की दोघांनाही सारख्याच शिव्या देतो. या मखमलीच्या शेंड्यांवर नर आणि मादी अवयव असतात. नर पेशीला दोन शेपट्या. ती पोहतच अंडपेशीपर्यंत जाते, म्हणजे झाडावर पाण्याचा पातळ पापुद्रा तरी हवाच. मीलन झालं की आईच्याच डोक्यावर तो देठ उगवतो, तिचंच खाऊन वाढतो, आणि बोंडी सुकली की बीजाणू, म्हणजे बीऐवजी रुजणारे धुळीसारखे कण, वाऱ्यावर सोडतो.

"म्हणजे पाऊस नसेल तर?"

"तर लग्न नाही. तू ज्याला शिव्या घालतोयस ना, तो यांचा भटजी आहे."

शेजारीच चपट्या हिरव्या फितींसारखं मार्केंशिया होतं. त्याच्या अंगावर छोट्या वाट्या, वाटीत हिरव्या टिकल्या. पावसाचा थेंब वाटीत पडला की टिकली उडून जाते आणि पडेल तिथे नवं झाड. याला नवराही लागत नाही नि नवरीही. आम्ही तिघं एका वाटीत थेंब पडायची वाट बघत उभे राहिलो. पडला. टिकली उडाली की नाही ते मला खरंच दिसलं नाही, पण आत्याने "गेली!" म्हणून टाळी वाजवली, आणि पुढच्या जीपमधल्या मुलांना वाटलं रस्ता मोकळा झाला.

थोडं वर नेचे. लहानपणी आम्ही कोकणात यायचो तेव्हा एका नेच्याचं पान हातावर दाबून पांढरा छाप उमटवायचो. बायकोच्या हातावर उमटवून मी ऐटीत म्हणालो, "हे बीजाणू." शून्य गुण. ती पानाची मेणचट भुकटी, आणि ते झाडही मूळचं अमेरिकेतलं. बीजाणू असतात ते पानामागचे तपकिरी ठिपके. तिथून उडालेला बीजाणू रुजला की नेचं उगवत नाही. आधी नखाहून लहान, बदामाच्या आकाराचं हिरवं पान होतं, नर-मादी अवयव त्याच्यावर, आणि पोहणं इथेही चुकत नाही. त्यातून मग मोठं नेचं. फुलझाडांनी ही कटकट संपवली. परागकणातून नळी निघते आणि थेट अंडपेशीपर्यंत पोचते. भिंतीच्या माथ्यावर तेरडा फुलला होता, त्याची एक पिकली शेंग चिमटीत धरली तर फटकन फुटून बिया अंगावर.

गाड्या हलल्या तेव्हा अडीच तास झाले होते. आत्या नाराजीने आत बसली. "अनावृत्तबीजी राहिलं," म्हणाली. म्हणजे उघड्या बियांच्या झाडांचा धडा.

धबधबा काचेवरच्या वाफेतून गेला. कुणी उतरा म्हटलं नाही.

आंबोलीत राहिलो त्या लॉजविषयी थोडक्यात: ओल्या चादरी, गरम पाण्याची बादली ५० रुपये, आणि चहा मागितला तर मालक टीव्हीवरून मान न हलवता "संपला" म्हणाला. कोकणी पाहुणचाराच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी एकदा तिथे राहून यावं. पण फाटकापाशी मोरपंखी होती, आणि आत्याने त्याला सगळं माफ केलं. मोरपंखी म्हणजे आपली विद्या, जिचं पान पुस्तकात ठेवलं की अभ्यास येतो म्हणायचे. तिच्या निळसर शिंगाळ्या शंकूंत बिया खवल्यांवर उघड्याच असतात, फळाचं पांघरूण नाही. म्हणजे वर्षभर वह्यांत अनावृत्तबीजी बाळगून मी त्याच प्रश्नाला गुण घालवले. काउंटरजवळच्या कुंडीत सायकसही होता. त्याचे परागकण मादीच्या झाडापर्यंत जातात, पण आत नर पेशी अजून पोहतेच. जपानच्या इकेनोंनी १८९६ मध्ये ते दाखवून दिलं. जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशी नदीचा उगम. छान आहे, शांत आहे. तिथल्या झऱ्यातला मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. तिसऱ्या दिवशी शिरोड्याला समुद्रावर मी सुरूकडे बोट दाखवून "अनावृत्तबीजी!" म्हणालो. त्या सुया पानं नसून सांध्यांच्या डहाळ्या आहेत आणि सुरू हे चक्क फुलझाड आहे, असं भर वाळूत सगळ्यांसमोर ऐकून घेतलं. उलट नेटम नावाचा वेल सह्याद्रीत आहे, रुंद पानांचा, कुणीही फुलझाडच म्हणेल, आणि तो अनावृत्तबीजी. आता मी बोट दाखवत नाही.

घाटातून आणलेलं नेच्याचं एक पान आत्याने लॉजच्या बिलात घडी घालून ठेवलं होतं. सावंतवाडीला पोचल्यावर बिल उघडलं तर बादलीच्या ५० रुपयांवर तपकिरी भुकटीने अख्ख्या पानाचा छाप उमटलेला. तिने फोटो काढून जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. रात्री एकाचं उत्तर आलं: "बाई, हे परीक्षेला आहे का?"